शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकीकरण

शस्त्रक्रियेत वापरली जाणारी उपकरणे, वस्त्रे व इतर साहित्य यांवरील सर्व सूक्ष्मजीव बीजाणूंसह नष्ट करण्याच्या प्रक्रियेस निर्जंतुकीकरण म्हणतात. जंतुनाशनात बहुतेक रोगकारक जंतू मरतात, परंतु बीजाणू टिकू शकतात. धनुर्वाताचा जीवाणू (क्लॉस्ट्रिडियम टेटनी) असे बीजाणू तयार करतो. त्यामुळे ऊतींत शिरणाऱ्या उपकरणांसाठी केवळ जंतुनाशन पुरेसे नसते.

इतिहास

इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात हात धुण्याची सक्ती केल्यावर मातामृत्यू लक्षणीयरीत्या घटले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह विकसित केला.

पद्धती

उपकरणे प्रथम धुतली जातात, कारण वाळलेल्या रक्ताखाली जंतू सुरक्षित राहतात. ऑटोक्लेव्हमध्ये साधारणतः १२१° सेल्सिअस तापमान व दर चौरस इंचास १५ पौंड दाब किमान १५ मिनिटे राखतात. जंतू दाबाने नव्हे, तर दाबामुळे अधिक तापलेल्या वाफेने मरतात. म्हणून आतील हवा पूर्णपणे बाहेर काढणे आवश्यक असते. उष्णता न सोसणाऱ्या साहित्यासाठी इथिलिन ऑक्साइड वायू वापरतात.

पुडक्यावरील पट्टीचा रंग बदलणे म्हणजे ते उष्णतेच्या संपर्कात आल्याची खूण होय. आतील साहित्य निर्जंतुक झाल्याचा तो पुरावा नव्हे. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूच्या उष्णतारोधक बीजाणूंची चाचणी घेतात. पुडके ओले राहिल्यास ते दूषित मानतात, कारण ओलाव्यातून जंतू वेष्टणाच्या आत शिरू शकतात.

जखमेचा संसर्ग

शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्गाचे स्टॅफिलोकोकस ऑरियस हे एक प्रमुख कारण आहे. हा जीवाणू निरोगी माणसाच्या नाकात व त्वचेवरही आढळतो. म्हणून हात घासून धुतल्यानंतरही निर्जंतुक हातमोजे घालावे लागतात आणि हातमोजा फाटल्यास तो तत्काळ बदलावा लागतो. झग्याची पाठीकडील बाजू निर्जंतुक मानली जात नाही.

महाराष्ट्रात

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना १९५६) ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांतून येथे रुग्ण येतात. राज्यातील अशा सर्व रुग्णालयांना जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लागू आहेत. त्यांनुसार मानवी ऊती व रक्ताने माखलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्यांसारखे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या अभेद्य डब्यात, तर काच निळ्या खुणेच्या खोक्यात टाकली जाते.