सायबेरियाचा हिवाळा : थंडी, वारा आणि अवेळी ऊब

थंडीचा कडाका वाढला की ‘पारा उतरला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. ईशान्य सायबेरियातील याकुतिया प्रांतात मात्र या शब्दप्रयोगाला अर्थ उरत नाही. पारा उणे ३८.८ अंश सेल्सियसला गोठून घट्ट होतो आणि तेथील वेर्खोयान्स्क या गावी जानेवारी महिन्याचे सरासरी तापमानच उणे ४५ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे हिवाळ्यातील तापमान मोजण्यासाठी पाऱ्याऐवजी अल्कोहोलचे तापमापक वापरावे लागतात. पृथ्वीवर माणसाची कायम वस्ती असलेल्या प्रदेशांत याहून थंड प्रदेश नाही. तरीही उत्तर सायबेरियाच्या हिवाळ्यातील मोठी संकटे बहुधा या स्थिर थंडीतून उद्भवत नाहीत. ती येतात वाऱ्यासोबत आणि अवेळी आलेल्या उबेसोबत.

थंडीचा ध्रुव

याना नदीकाठचे वेर्खोयान्स्क आणि इंदिगिर्का नदीच्या खोऱ्यातील ओइम्याकोन या दोन ठिकाणांमध्ये ‘थंडीचा ध्रुव’ या मानासाठी जुनी स्पर्धा आहे. वेर्खोयान्स्क येथे फेब्रुवारी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश, तर ओइम्याकोन येथे ६ फेब्रुवारी १९३३ रोजी उणे ६७.७ अंश तापमान नोंदले गेले. उत्तर गोलार्धातील नीचांक म्हणून दीर्घकाळ याच नोंदी सांगितल्या जात. ग्रीनलंडच्या हिमस्तरावरील एका स्वयंचलित केंद्रावर २२ डिसेंबर १९९१ रोजी नोंदल्या गेलेल्या उणे ६९.६ अंशांना जागतिक हवामान संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली आणि तो मान ग्रीनलंडकडे गेला. मात्र त्या हिमस्तरावर कोणाची घरे नाहीत.

विशेष म्हणजे ही दोन्ही गावे उत्तर ध्रुवापासून बरीच दूर आहेत. ओइम्याकोन तर आर्क्टिक वृत्ताच्याही दक्षिणेस आहे. आर्क्टिक महासागराचा किनारा त्याहून उत्तरेस असूनही तेथे इतकी थंडी पडत नाही, कारण बर्फाच्या थराखालचे समुद्राचे पाणी काही प्रमाणात उष्णता देत राहते. याकुतियाचा अंतर्भाग समुद्रापासून दूर असून पर्वतरांगांनी वेढलेला आहे. हिवाळ्यात या भूभागावर जड, थंड हवेचे उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसते. आकाश निरभ्र राहते, सूर्य क्षितिजाजवळच रेंगाळतो आणि हिमाच्छादित जमिनीतील उष्णता अवकाशात निघून जाते. थंड झालेली हवा उतारावरून घरंगळत दरीत साचते. त्यामुळे डोंगरमाथ्यापेक्षा दरीचा तळ अधिक थंड असतो.

अशा वेळी वारा जवळजवळ नसतो. तो असता तर वरची तुलनेने उबदार हवा खाली मिसळून तापमान वाढले असते. हवा कोरडी असल्याने हिमवर्षावही बेताचाच होतो. सर्वाधिक थंडीचे दिवस हे या प्रदेशातील सर्वाधिक शांत दिवस असतात.

थंडीच्या आधारावर उभे जीवन

ही शांत थंडी कठोर असली तरी भरवशाची असते. ती कधी येणार आणि किती काळ राहणार याचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या बांधता आला. त्यामुळे याकुतियातील साखा लोकांनी तिच्याशी जमवून घेतले. इतकेच नव्हे, तर आपल्या अनेक सोयी तिच्यावरच उभारल्या. गोठलेल्या नदीतून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या घराबाहेर रचून ठेवतात आणि हिवाळाभर त्या वितळवून पिण्याचे पाणी मिळवतात. मांस व मासळी साठवण्यासाठी जमिनीत खणलेले तळघर पुरते. गोठलेल्या माशाचे पातळ काप तसेच कच्चे खाल्ले जातात. ठेंगणे, दाट केसांचे याकूत घोडे हिवाळाभर उघड्यावर राहतात आणि खुरांनी हिम उकरून खालचे गवत खातात.

दळणवळणही थंडीवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात चिखल आणि दलदलीमुळे तुटलेली गावे हिवाळ्यात गोठलेल्या नद्यांवरून जोडली जातात. वर्षभराचे इंधन आणि धान्य या बर्फावरच्या रस्त्यांनी ट्रकमधून पोहोचते. तापमान ठरावीक मर्यादेखाली गेले की इयत्तेनुसार शाळांना सुट्टी मिळते. ही मर्यादा ठिकाणानुसार साधारण उणे ४५ ते उणे ५५ अंशांच्या दरम्यान असते. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या याकुत्स्क शहरात या दिवसांत वाहनांच्या आणि धुराड्यांच्या वाफेचे क्षणात हिमकण होतात आणि रस्त्यांवर दाट हिमधुके पसरते. त्याला हलवणारा वारा नसल्याने ते अनेक दिवस तसेच राहते.

पुर्गा

अंतर्भागातून उत्तरेकडे, आर्क्टिक किनाऱ्याकडे गेले की हिवाळ्याचे रूप पालटते. तैमिर, यामाल आणि पूर्वेकडील चुकोत्का या भागांत तापमान याकुतियाइतके खाली जात नाही. परंतु बॅरेंट्स आणि बेरिंग समुद्रांवरून येणारी आवर्ते येथे प्रचंड हिमवादळे आणतात. या वादळाला ‘पुर्गा’ म्हणतात. टुंड्रा प्रदेशात वाऱ्याला अडवणारे झाड नाही. जमिनीवरचे कोरडे हिम वाऱ्याबरोबर उडते आणि आकाश व भूमी यांतील भेद नाहीसा होतो. हाताच्या अंतरावरचेही दिसेनासे होते आणि माणूस घरापासून काही पावलांवर वाट चुकू शकतो. ध्रुवीय रात्रीच्या अंधारातील अशा वादळाला नोरिल्स्क परिसरात ‘काळी पुर्गा’ असे नाव आहे.

वाऱ्यामुळे थंडीचा परिणाम वाढतो तो शरीरातील उष्णता वेगाने वाहून गेल्यामुळे. त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून लावतो. अमेरिकन संशोधक पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठण्याचा वेग मोजून या परिणामाचे पहिले गणित मांडले. २००१ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार, तापमान उणे ३० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उघड्या त्वचेला थंडी उणे ४८ अंशांसारखी लागते. अशा स्थितीत काही मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. म्हणूनच बाहेर पडावे की नाही हे ठरवताना उत्तरेत केवळ तापमान पाहून भागत नाही.

हिवाळ्यातील पाऊस

पुर्गापासून बचाव करता येतो. यामाल द्वीपकल्पातील नेनेट्‌स हे रेनडिअर पाळणारे भटके लोक कातड्याच्या तंबूत राहून वादळ ओसरण्याची वाट पाहतात आणि मग कळप गोळा करतात. परंतु हिवाळ्यात पडणाऱ्या पावसावर त्यांच्याकडे असा उपाय नाही.

रेनडिअर हिमाखालचे शैवाक म्हणजे दगडफुलाच्या जातीची वनस्पती खाऊन हिवाळा काढतात. भुरभुरीत हिम ते खुरांनी सहज उकरतात. मात्र हिमावर पाऊस पडला आणि लगेच थंडी परतली तर वर बर्फाचे कठीण कवच तयार होते. चारा काही इंचांवर असूनही जनावरांची उपासमार होते. यामालमध्ये २००६ च्या हिवाळ्यात अशा रीतीने सुमारे २० हजार रेनडिअर मेले. नोव्हेंबर २०१३ मधील पावसानंतर आलेल्या आपत्तीत हा आकडा ६१ हजारांवर गेला. अनेक कुटुंबांचे सारे कळप संपले. ज्यांचे अन्न, वस्त्र, निवारा आणि वाहन रेनडिअरच आहे, अशांच्या दृष्टीने हे सर्वस्व गमावणे होते. बॅरेंट्स व कारा समुद्रांवर त्या शरद ऋतूत बर्फ कमी होते आणि खुल्या पाण्यावरून आलेल्या दमट, उबदार हवेचा या घटनांशी संबंध असल्याचे संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले.

पायाखालची जमीन

रशियाच्या निम्म्याहून अधिक भूभागाखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली जमीन आहे. याकुत्स्क येथे फ्योदर शेर्गिन यांनी १८२८ पासून विहीर खणण्यास आरंभ केला. सुमारे ११६ मीटर खोल गेल्यावरही गोठलेली मातीच लागली, पाणी लागले नाही. या शहरातील इमारती खांबांवर उभ्या असतात. इमारतीची ऊब जमिनीपर्यंत पोहोचू नये म्हणून खाली मोकळी जागा सोडलेली असते. जमीन गोठलेली राहील, या एका गृहीतकावर तेथील घरे, नळ आणि रस्ते उभे आहेत.

हे गृहीतक आता डळमळू लागले आहे. २० जून २०२० रोजी वेर्खोयान्स्क येथे ३८ अंश तापमान नोंदले गेले. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडील उच्चांक म्हणून त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. एकाच गावातील नीचांक आणि उच्चांक यांत १०५ अंशांहून अधिक अंतर पडले. त्याच जिल्ह्यातील बातागाय गावाजवळ, जंगल तुटल्यानंतर जमीन वितळून खचू लागली आणि तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीचा खळगा पडला आहे. तो अजूनही वाढत आहे.

याचा अर्थ तेथील थंडी संपली असा नाही. जानेवारी २०२३ मध्ये याकुतियातील काही केंद्रांवर तापमान पुन्हा उणे ६० अंशांच्या खाली गेले होते. कडाका अधूनमधून येतच राहील. परंतु नदीवरचा रस्ता केव्हा सुरू होईल, चाऱ्यावर हिम पडेल की पाऊस, आणि घराखालची जमीन किती वर्षे घट्ट राहील, हे सांगणे कठीण होत चालले आहे. उत्तर सायबेरियातील माणसाने उणे ६० अंशांत संसार थाटला तो थंडीच्या नियमितपणावर विसंबून. हा नियमितपणाच आता ढळू लागला आहे.