सातबाऱ्यातली वंशावळ

नगर जिल्ह्यातल्या शेतकरी घराच्या इतिहासाची पहिली दोरी हाताला लागते ती सातबाऱ्यावर. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. सरकारला सारा हवा होता. पण तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवायला खातेदार मेल्यावर त्याच्या जागी कोणाचे नाव लावायचे, ते लिहावेच लागे. त्यातून तलाठ्याच्या दप्तरात गावातल्या घरोघरच्या वंशावळी आपसूक तयार झाल्या.

‘महाभूलेख’वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर भरला की आजचा उतारा दिसतो. त्यातल्या नावांपेक्षा नावांशेजारचे फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक आणि तळाशी दिलेले जुने फेरफार क्रमांक मोलाचे. ते टिपून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जावे. तिथे जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. हस्तलिखित उताऱ्यात हक्क संपलेले नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. घराण्याच्या शोधात हे कंसच आधी वाचायचे.

वारसाचा फेरफार चार-पाच ओळींचा असतो, पण एवढ्या जागेत घर मावते. खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे इतके, विधवा, मुली. धाकटा अज्ञान असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि आईचे वा चुलत्याचे नाव. थोरल्या भावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीच्या भावांची नावे उताऱ्यावर नसली तरी ते नव्हतेच असे समजू नये. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत मुली फारशा दिसत नाहीत. नंतर दिसतात, आणि पुष्कळदा लगोलग हक्कसोडपत्राने नाहीशाही होतात.

माग तुटतो तो बहुधा दोन ठिकाणी. पहिले एकत्रीकरण: १९४७ च्या कायद्याने तुकडे जोडून गट पाडले गेले आणि जुने सर्व्हे नंबर बदलले. कोणत्या नंबराचा कोणता गट झाला, हे ‘नऊ तीन, नऊ चार’च्या उताऱ्यावर कळते. दुसरा घोटाळा तालुक्यांचा. १८८४ च्या गॅझेटियरात जिल्ह्याचे तालुके अकरा आहेत, आज चौदा. राहात्याचे गाव जुन्या कागदात कोपरगावाखाली, पाथर्डीचे शेवगावाखाली शोधावे लागते. शिवाय २०२४ पासून जिल्ह्याचे नावच अहिल्यानगर झाले.

जमीन नसलेल्यांसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. त्यात बाळाला नाव नसतेच. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. जुनी पाने मोडीत आहेत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा अशी दप्तरे तपासून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवली गेली. हेतू आरक्षणाचा होता. लाभ वंशावळ शोधणाऱ्यालाही झाला. शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी. १ जूनला जन्मलेले लोक गावोगाव संशयास्पद संख्येने सापडतात.

नगरच्या छावणीतल्या इंग्रज कुटुंबांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींतून लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि ‘फाइंडमायपास्ट’वर वर्गणी भरून पाहता येतात. १८३१ मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे वार्षिक अहवाल ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चाळता येतात, पण त्यांत पाद्री आणि शिक्षक भेटतात, साध्या घरांसाठी मंडळीची, म्हणजे चर्चची, रजिस्टरेच पाहावी लागतात.

तीर्थोपाध्यांच्या वह्यांची गोष्ट निराळी. हरिद्वारच्या वह्यांची छायाचित्रे ‘फॅमिलीसर्च’वर आहेत. नाशिक-त्र्यंबकची नामावळी मात्र बहुधा उपाध्यांच्या ओसरीवरच उघडते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो मूळ गावाचा व आडनावाचा. सातबाऱ्यावरून मिळालेले गाव आणि पणजोबांचे नाव तिथे उपयोगी पडते.