एका अमिनो आम्लाचा फरक : लिस्टेरिया, उंदीर आणि पेशीच्या दाराची गोष्ट

१/१२
१९२४ साली केंब्रिज येथील प्राण्यांच्या पैदास केंद्रात काही कोवळे ससे अचानक दगावले. मरे, वेब आणि स्वॅन या संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा त्यांना एक अपरिचित जीवाणू सापडला. बाधित सशांच्या रक्तात मोनोसाइट या पांढऱ्या पेशी फार वाढत असत. म्हणून १९२६ मध्ये जीवाणूला ‘मोनोसायटोजिनिस’ हे नाव मिळाले.

२/१२
पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत हार्वी पिरी या स्कॉटिश डॉक्टरास जर्बिल जातीच्या रानउंदरांत असाच जीवाणू आढळला. शस्त्रक्रियेत जंतुनाशके रुजवणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या सन्मानार्थ त्याने ‘लिस्टेरेला’ हे नाव सुचवले. ते नाव आधीच अन्य जीवांना दिलेले असल्याने १९४० मध्ये ते ‘लिस्टेरिया’ झाले. पिरीचे हे जर्बिल लक्षात ठेवावेत. कथेच्या अखेरीस ते परत येणार आहेत.

३/१२
पुढे लिस्टेरिया प्रयोगशाळेत स्थिरावला. १९६२ मध्ये जॉर्ज मॅकॅनेस यांनी उंदरांना त्याची बाधा करून पेशींवर आधारित प्रतिकारशक्तीचा पाया उलगडला. हे कार्य मोलाचे होते. मात्र या प्रयोगांत जीवाणू सुईने थेट रक्तात सोडला जाई. माणसाच्या शरीरात तो कोणत्या वाटेने शिरतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

४/१२
त्या प्रश्नाचे गांभीर्य १९८१ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात कळले. ४१ जण आजारी पडले आणि त्यांपैकी ३४ घटना गर्भवती स्त्रिया व नवजात अर्भकांच्या होत्या. मातेस साधा ताप येई; गर्भाच्या मात्र जिवावर बेते. माग काढता काढता तपास कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचला.

५/१२
तो कोबी ज्या शेतात पिकला, तेथे मेंढ्यांचे खत घातले जात होते आणि त्या कळपातील मेंढ्या याच रोगाने मेल्या होत्या. काढलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात होता. इतर बहुतेक जंतूंची वाढ थंडीत खुंटते. लिस्टेरिया मात्र शीतकपाटातही हळूहळू वाढतो. तो अन्नातून पसरतो, हे या तपासाने ठामपणे सिद्ध झाले.

६/१२
मग नवा प्रश्न उभा राहिला. पोटात गेलेला जीवाणू आतड्याची भिंत, आणि पुढे वारेचा पडदा, कसा ओलांडतो? आतड्याच्या अस्तरातील पेशी काही जंतू गिळण्यासाठी घडलेल्या नाहीत. त्या अर्थी जीवाणूजवळच दार उघडून घेण्याचे काही साधन असले पाहिजे.

७/१२
१९९१ मध्ये पॅरिसमध्ये गैयार, कोसार आणि सहकाऱ्यांनी ते साधन शोधले. लिस्टेरियाचे एक जनुक मोडले की तो पेशीत शिरेनासा होई. तेच जनुक त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदास, लिस्टेरिया इनोक्युआस, दिले की तोही शिरू लागे. या जनुकापासून बनणारे, जीवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन म्हणजे ‘इंटर्नॅलिन’.

८/१२
१९९६ मध्ये कुलूपही सापडले : ई-कॅडहेरिन. शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवणारे हे आपलेच प्रथिन. इंटर्नॅलिन त्याला बिलगते. मग पेशी आपले आवरण जीवाणूभोवती गुंडाळून त्याला स्वतःच आत ओढून घेते. २००० मध्ये दुसऱ्या प्रथिनाची, इंटर्नॅलिन-बीची जोडीही कळली. ते ‘मेट’ नावाच्या ग्राहीस धरते.

९/१२
आत गेल्यावर जीवाणू आपल्याभोवतीची पिशवी फोडतो. मग अ‍ॅक्ट-ए हे तिसरे पृष्ठप्रथिन पेशीच्याच अ‍ॅक्टिन तंतूंची शेपटी रचते आणि तिच्या रेट्याने तो शेजारच्या पेशीत घुसतो. पेशींबाहेर न पडताच असा प्रवास होत असल्याने रक्तातील प्रतिपिंडे त्याला सहसा गाठू शकत नाहीत.

१०/१२
१९९९ मध्ये ल्यक्वी व सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट साऱ्यांना विचारात पाडणारी होती. मानवी ई-कॅडहेरिनमध्ये १६व्या स्थानी प्रोलीन हे अमिनो आम्ल असते; उंदरात तेथे ग्लुटामिक आम्ल. एवढ्याच फरकाने इंटर्नॅलिनची किल्ली उंदराच्या कुलपाला लागत नाही! दशकानुदशके ज्या प्राण्यावर प्रयोग झाले, त्याच्या आतड्यात माणसातले हे दार नव्हतेच.

११/१२
गिनीपिग आणि सशात पहिली किल्ली चाले, पण इंटर्नॅलिन-बी निष्प्रभ ठरे. उंदरात नेमके उलट. माणसाप्रमाणे दोन्ही किल्ल्या चालणारा प्राणी हवा होता. २००८ मध्ये तो मिळाला : जर्बिल! पिरीला रोग सापडला त्याच कुळातला. वार ओलांडण्यासाठी दोन्ही प्रथिने एकत्र लागतात, हे या प्राण्यामुळे दिसून आले. गर्भच का बळी पडतो, या कोड्याचा मोठा भाग सुटला.

१२/१२
२०१७-१८ मध्ये पिरीच्याच दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या तयार मांसपदार्थातून लिस्टेरिया पसरला. रुग्ण १,०००हून अधिक, मृत्यू २००हून अधिक. रुग्णांत नवजात अर्भके मोठ्या संख्येने होती. किल्लीचे ज्ञान झाले तरी दार बंद करण्याची लस अद्याप नाही. गर्भवतीने कच्च्या दुधाचे पदार्थ टाळावेत आणि शीतकपाटातले तयार मांस वाफाळेपर्यंत गरम करावे, हा साधा सल्ला म्हणूनच आजही पहिला उपाय आहे. आणि इतिहासाचा धडा असा : सोयीचा प्राणी खरे उत्तर देतो, पण कधीकधी ते आपल्या प्रश्नाचे नसते.