फळ्यावरील चलच्चित्राची पूर्वपीठिका

हिंगोली जिल्ह्यातील एखादा नवशिका आज पांढऱ्या फळ्यावर चित्र रेखाटीत चलच्चित्र सिद्ध करू लागला, तर ती विद्या सर्वस्वी नवी मानणे युक्त नव्हे. अमेरिकेत जेम्स स्टुअर्ट ब्लॅकटन याने १९०६ साली काळ्या फळ्यावरील खडूचे चेहरे चित्रागणिक टिपून हलते केले. महाराष्ट्रात धुंडिराज गोविंद फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ त्याच रीतीने टिपली. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याच नाचविल्या. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींची परंपरा तर चित्रपटाहून प्राचीन. तेथे चित्र स्थिर असते. त्याला गती देते ते निवेदन. तेव्हा नवशिक्याने आधी निवेदन बांधावे, मगच रेषा ओढावी. साधनांच्या तुटपुंजेपणाने ही कला कधीच अडली नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.