दूरदेशीच्या घराच्या विम्याची कुळकथा

विमा ही संस्था आपल्याकडे इंग्रजांनी आणली असा समज सुशिक्षितांत दृढ होऊन बसला आहे, आणि 1818 साली कलकत्त्यास निघालेल्या ओरिएंटल लाइफ कंपनीपासून तिचा इतिहास सांगण्याचा प्रघात पडल्यामुळे तो समज सहजी पुसला जाईल असेही नाही. परंतु औरंगजेबाच्या अमदानीत, 1695 च्या सुमारास, सुजानराय भंडारी याने ‘खुलासत-उत-तवारीख’ हा जो फारसी ग्रंथ लिहिला त्यात, वाटेवरच्या धास्तीमुळे व्यापारी आपला माल सराफाच्या हवाली करीत, सराफ मोबदला घेऊन तो सुखरूप मुक्कामी पोचवीत, आणि या व्यवहारास विमा म्हणत, असा उल्लेख येतो. त्याच्याच नात्यातली आपली जोखमी हुंडी. माल पोचला तर हुंडीची रक्कम देय, वाटेत बुडाला किंवा लुटला गेला तर हुंडी विकत घेणाऱ्याच्या कपाळी हात. ही जोखीम आधीच हिशेबात धरून तो हुंडी कमी दामात घेई, आणि तो फरक हाच विम्याचा हप्ता असे.

या साऱ्या व्यवहारात माल चालतो आणि धनी पेढीवर बसून राहतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घर जागचे हलत नाही, त्यास दरवडेखोर उचलून नेत नाहीत, आणि धन्याचे बिऱ्हाड त्यातच असल्यामुळे राखणीची निराळी तजवीज करण्याचे कारण पडत नाही. म्हणून हुंडी-विम्यात मुरलेल्या आपल्या सराफांना घराचा विमा उतरवण्याचे सुचले नाही, यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. ती कल्पना लंडनच्या राखेतून निघाली. सप्टेंबर 1666 मधल्या आगीत त्या शहरातली 13,200 घरे जळाली, आणि नंतरच्या पंधरा वर्षांत निकोलस बार्बन नावाच्या, स्वतः घरे बांधून विकणाऱ्या खटपट्या गृहस्थाने अग्निविम्याची कचेरी उघडली. 1710 साली सन फायर ऑफिस निघाले. त्याच्या विमेदारांच्या भिंतीवर शिशाचा पत्रा ठोकीत; त्यावर माणसाचे तोंड असलेला किरणांकित सूर्य उमटवलेला असे आणि खाली विमापत्राचा क्रमांक. लंडनच्या जुन्या घरांवर असे पत्रे अजूनही दिसतात. हिंदुस्थानात सामान्य विम्याची पहिली कंपनी, ट्रायटन, 1850 साली कलकत्त्यास आली.

तोवर मात्र परमुलखात घर बांधून बसणाऱ्यांनी काय केले, हे पाहायचे तर लखनौसारखे ठिकाण नाही, कारण या एका शहरात त्या काळच्या नाना तऱ्हेच्या हमींची परीक्षा झालेली आहे.

क्लॉड मार्टिन हा 1735 साली फ्रान्समधल्या ल्यों शहरी जन्मला, साधा शिपाई म्हणून पाँडिचेरीस उतरला, पुढे इंग्रजांच्या चाकरीत शिरून अवधच्या नवाबाच्या तोफखान्याची देखरेख करू लागला आणि मेजर-जनरलच्या हुद्द्यास चढला. गोमतीकाठची त्याची फर्‍हत बक्ष ही हवेली अर्धी निवासस्थान आणि अर्धी गढी होती: भोवती खंदक, त्यावर उचलता पूल, दारे लोखंडी, आणि तळघरांच्या रचनेत अशी खुबी की उन्हाळ्यात नदीच्या पातळीवरच्या थंड दालनांत राहावे आणि पावसाळ्यात पाणी जसजसे आत चढेल तसतसे बिऱ्हाड एकेक मजला वर न्यावे. चोर आणि पूर या दोहोंचा बंदोबस्त अशा रीतीने झाला. जप्तीचा राहिला. नवाबीत परक्याची दौलत त्याच्या मागे सरकारजमा होईल ही धास्ती निराधार नव्हती. शिवाय शहराबाहेर त्याने जो कॉन्स्टँशिया नावाचा अवाढव्य प्रासाद उभारावयास घेतला होता, त्यावर नवाब आसफउद्दौल्याचा डोळा होता अशी आख्यायिका आहे. आसफउद्दौला 1797 साली वारला, परंतु गादी रिकामी राहत नाही हे मार्टिन जाणून होता. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले की आपला देह या प्रासादाच्या तळघरात पुरावा, आणि इमारत न विकता तिथे मुलांची शाळा चालवावी. कबर असलेली वास्तू कोणी मुसलमान राज्यकर्ता विटाळणार नाही, असा त्याचा अंदाज होता असे सांगतात, आणि तो साधार होता. 13 सप्टेंबर 1800 रोजी तो निवर्तला व त्या तळघरात निजला. थडग्याच्या चारी कोपऱ्यांस शस्त्रे उलटी धरलेले चार शिपाई पुतळ्यांच्या रूपाने उभे केले गेले. फर्‍हत बक्ष, जिच्यात थडगे नव्हते, ती पुढे नवाब सआदत अली खानाने विकत घेतली. कॉन्स्टँशिया कोणी घेतली नाही. मृत्युपत्रावरचे दावे कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षे रेंगाळून ला मार्टिनिएरची शाळा 1845 साली सुरू झाली, आणि ती अद्याप तिथेच आहे. स्वतःचे प्रेत हाच हप्ता भरून उतरवलेला असा विमा माझ्या वाचनात दुसरा नाही. 1857 च्या धामधुमीत ते थडगे फोडून अस्थी विखुरल्या गेल्या, पुतळेही गेले; परंतु वास्तू वाचली, आणि विमा तिचाच होता.

नवाबांची तऱ्हा याहून शहाणपणाची. गाजीउद्दीन हैदर याने 1825 साली कंपनी सरकारास एक कोटी रुपये शेकडा पाच दराने कर्जाऊ दिले, ते असे की मुद्दल कधी परत मागावयाचे नाही आणि व्याज मात्र नेमून दिलेल्या माणसांस व त्यांच्या वारसांस पिढ्यानपिढ्या मिळत राहावे. त्यातलाच एक हिस्सा शाहनजफ इमामबाड्याच्या व्यवस्थेकडे लावून दिला. हाच वसीका. 1856 च्या फेब्रुवारीत कंपनीने अवधचे राज्य खालसा केले, तेव्हा सिंहासन गेले पण वसीका बुडाला नाही. लखनौस वसीक्याची कचेरी टिकली, वसीकादारही टिकले, जरी वाटण्या होत होत काहींच्या वाट्याला आज चहाचे पैसेही येत नसतील.

याच्या शेजारी आपल्या दुसऱ्या बाजीरावाची हकिकत ठेवून पाहावी. 1818 च्या जूनमध्ये त्याने माल्कमच्या हवाली होऊन आठ लाखांची सालिना नेमणूक कबूल केली आणि गंगाकाठी बिठूरास वाडा बांधून परमुलखात उरलेले आयुष्य काढले. 1851 च्या जानेवारीत तो वारल्याबरोबर नेमणूक बंद झाली. ती कुटुंबाच्याही निर्वाहासाठी होती असा त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांचा वाद डलहौसीने मानला नाही, आणि अझीमुल्लाखानास विलायतेस धाडूनही निष्पत्ती शून्य. गाजीउद्दीनाने रोकड मोजून दिली होती, म्हणून त्याच्याकडे हक्क होता. बाजीरावाने राज्य दिले, पण बदल्यात पदरी पडली ती सरकारची मर्जी, जी त्याच्या आयुष्यापुरती होती असा अर्थ सरकारनेच लावला. पैसे देऊन घेतलेले वचन आणि मेहेरबानीचे वचन यांतले अंतर बिठूरच्या वाड्याइतके स्वच्छ कुठे दिसत नाही. तो वाडा 1857 च्या डिसेंबरात होप ग्रँटच्या फौजेने जमीनदोस्त केला.

रिकाम्या घराचे काय होते, ते कैसरबागेने दाखवले. वाजिद अली शाह मार्च 1856 मध्ये विलायतेस दाद मागण्याच्या इराद्याने निघाला, कलकत्त्यास अडकला आणि तिथल्या मटियाबुर्जात त्याने दुसरे छोटे लखनौ वसवले. मागे राहिलेली कैसरबाग 1858 च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या फौजेने लुटली. यातली लूट तर आजचेही कोणते विमापत्र भरून देणार नाही. युद्ध आणि सरकारी जप्ती हे दोन्ही धोके विमा कंपन्या आरंभीच वगळतात, आणि दूरदेशी राहणाऱ्यास हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. महमूदाबादच्या राजांनी 1957 साली पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले, 1965 च्या युद्धात हजरतगंजच्या बाजारातल्या मोक्याच्या इमारतींसह त्यांची मालमत्ता शत्रुसंपत्ती म्हणून सरकारी ताब्यात गेली, भारतातच नागरिक म्हणून राहिलेल्या त्यांच्या पुत्रास सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ती देवविली, आणि 2017 च्या कायद्याने पुन्हा काढून घेतली. धनी बदलतो तो कायद्याने. त्यावर कसला विमा?

बाकीच्या धोक्यांवर मात्र आहे, आणि तो उतरवावा अशा मताचा मी आहे. गोमतीने 1960 साली शहरात घुसून जो हाहाकार केला, त्यानंतर बांध घातले गेले तरी नदी आहे तिथेच आहे. 1 एप्रिल 2021 पासून भारत गृहरक्षा या नावाचे प्रमाणित विमापत्र सर्व कंपन्या विकतात; त्यात आग, भूकंप, पूर, दंगल हे येते. गोमतीनगरच्या घराची बाजारातली किंमत सांगून विमा उतरवणारे महाभाग भेटतात. त्यातली बहुतेक किंमत जमिनीची, आणि जमीन जळत नाही. रक्कम ठरवावयाची ती चटई क्षेत्रफळास आजच्या बांधकाम-खर्चाने गुणून. चौक मोहल्ल्यातल्या जुन्या हवेलीस मात्र हे गणित लागू पडत नाही: लखौरी विटा बोटभर जाडीच्या, चुन्यात उडदाची डाळ, गूळ आणि बेलाचा गर कालवलेला, आणि गचकामाची नक्षी उठवणारा कारागीर मिळणेच दुर्मीळ, तेव्हा ती जशीच्या तशी उभारण्याचा खर्च जाणत्या वास्तुविशारदाकडून निराळा काढून घ्यावा.

चोरीविषयी या विमापत्रात एक मेख आहे. आग-पुरासारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेलीच चोरी त्यात धरतात. नुसत्या कुलूपबंद घरातली घरफोडी धरीत नाहीत. तिच्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो, आणि घर बंद ठेवण्याची त्याची मुदत किती ते वाचून पाहावे लागते. जुन्या अग्निविमापत्रात तर घर तीस दिवसांहून अधिक रिकामे राहिले की कंपनीच्या संमतीविना संरक्षणच संपत असे. लंडनास स्थायिक झालेल्या गृहस्थास आपल्या लखनौच्या घराचा विमा तिथल्या कंपनीकडे उतरवता येईल असे वाटत असेल, तर विमा कायद्याचे 2 सीबी कलम आडवे येते: भारतातल्या मालमत्तेचा विमा नियामकाच्या पूर्वपरवानगीवाचून परदेशी कंपनीकडे घेता येत नाही. तेव्हा कंपनी इथली, हप्ता इथला, आणि नुकसान झाल्यावर सर्व्हेअर दाराशी येईल तेव्हा कुलूप काढून त्यास आत नेणारा व कागदांवर सही करणारा माणूसही इथलाच हवा. त्याच्या नावचे मुखत्यारपत्र विमापत्राबरोबरच करून ठेवावे.