लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन करताना हृदय थांबवतात कसं? कार्डिओप्लेजियाची संपूर्ण माहिती

एरवी मी बॅटरी, प्रोसेसर आणि ॲप्सबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा ती सात महिन्यांची होती, वजन जेमतेम सहा किलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. सर्जननी कागदावर चित्र काढून सगळं नीट समजावलं आणि म्हणाले, "भोकावर पॅच शिवताना साधारण तासभर हृदय थांबवावं लागेल." ताईने पुढचं काही ऐकलंच नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग, थांबवलेलं परत चालू झालं नाही तर?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी शोधलं, वाचलं, डॉक्टरांना विचारलं. तेच आज सोप्या भाषेत सांगतो.

हृदय थांबवायचंच कशाला?

सात महिन्यांच्या बाळाचं हृदय मिनिटाला १०० पेक्षा जास्त वेळा धडकतं. हलत्या, रक्ताने भरलेल्या आणि एवढ्याशा हृदयाच्या आत टाके घालणं शक्य नाही. म्हणून हृदय आणि फुफ्फुसांचं काम काही वेळ हार्ट-लंग मशीनकडे देतात. हे मशीन शरीरातलं अशुद्ध रक्त घेतं, त्यात ऑक्सिजन मिसळतं आणि ते परत महाधमनीत सोडतं. अशा मशीनच्या मदतीने पहिलं यशस्वी ऑपरेशन ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियामध्ये डॉ. जॉन गिबन यांनी केलं.

पण इथे एक अडचण येते. हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते ज्या रक्तवाहिन्यांमधून येतं, त्या महाधमनीच्या अगदी सुरुवातीलाच फुटतात. हृदय उघडण्यासाठी सर्जन महाधमनीला चिमटा लावतात, त्याला क्रॉस क्लॅम्प म्हणतात. क्लॅम्प लागला की मशीनचं रक्त सगळ्या शरीराला मिळतं, फक्त हृदयाला मिळत नाही. त्या वेळात हृदयाच्या स्नायूला सांभाळायचं, हाच आपला आजचा विषय.

फोनच्या भाषेत समजून घेऊ

समजा, तुमच्या फोनचा चार्जर काढला आणि गेम, हॉटस्पॉट, टॉर्च सगळं चालूच ठेवलं. बॅटरी किती टिकेल? तोच फोन व्यवस्थित स्विच ऑफ केला, तर बॅटरी जवळपास तशीच राहते.

हृदयाचंही तसंच आहे. चार्जर म्हणजे त्याला मिळणारं रक्त. बॅटरी म्हणजे पेशींमधली एटीपी नावाची ऊर्जा. रक्त बंद असताना हृदय धडकत राहिलं, तर ही ऊर्जा भराभर संपते. मोठ्या माणसाच्या धडकत्या हृदयाचा १०० ग्रॅम स्नायू मिनिटाला साधारण ८ ते १० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. हृदय थांबवलं की हा खर्च १ मिलिलिटरच्या आसपास येतो. वर थंडही केलं, तर त्याहून कमी होतो.

म्हणजे हृदय थांबवणं हा धोका नसून तीच त्याची सुरक्षा आहे. ताईला मला हेच सांगायचं होतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. फोन शून्य टक्क्यांवर गेला तरी परत चार्ज होतो. हृदयाच्या पेशीतली ऊर्जा पूर्ण संपली, तर ती पेशी मरते आणि तिच्या जागी नवीन पेशी तयार होत नाही. म्हणूनच इथे घड्याळाला एवढं महत्त्व आहे.

आधीची व्हर्जन्स

- १९५२: अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचं शरीर थंड करून हृदयातलं भोक बंद केलं. हातात फक्त काही मिनिटं होती.
- १९५४: तिथेच डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी बाळाचं रक्ताभिसरण त्याच्या वडिलांच्या रक्ताभिसरणाला जोडलं. मशीनचं काम वडिलांच्या शरीराने केलं! ऑपरेशन पार पडलं, पण पुढे काही दिवसांनी ते बाळ न्यूमोनियाने गेलं. याच पद्धतीने नंतर अनेक मुलं वाचली.
- १९५५: लंडनमध्ये डॉ. डेनिस मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवण्याची पद्धत मांडली. कल्पना बरोबर होती, पण डोस फार तीव्र होता. स्नायूला इजा होते हे कळल्यावर बहुतेकांनी ती सोडली. आमच्या भाषेत, रोलबॅक झाला.
- १९७० चं दशक: पोटॅशियमचं प्रमाण कमी करून हीच कल्पना परत आली. लंडनचं सेंट थॉमस सोल्यूशन याच काळातलं. अमेरिकेत डॉ. जेराल्ड बकबर्ग यांनी औषध रक्तात मिसळून देण्यावर भर दिला.
- १९९० च्या दशकाची सुरुवात: पिट्सबर्गमध्ये डॉ. पेड्रो डेल निडो आणि सहकाऱ्यांनी खास लहान मुलांच्या हृदयाचा विचार करून नवीन मिश्रण तयार केलं. ते डेल निडो सोल्यूशन म्हणून ओळखलं जातं. आता मोठ्यांच्या ऑपरेशनमध्येही वापरतात.

औषधात असतं काय?

हृदय थांबवणाऱ्या या औषधाला कार्डिओप्लेजिया म्हणतात. डेल निडोचं उदाहरण घेऊ. एका क्षारयुक्त द्रावणात पुढच्या गोष्टी घालतात:

- पोटॅशियम: मुख्य काम याचं. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर कमी असतं. या फरकावरच पेशीची वीज चालते. बाहेरचं पोटॅशियम वाढवलं की फरक कमी होतो, वीज तयार होत नाही आणि हृदय सैल अवस्थेत थांबतं.
- लिडोकेन: दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करतात ना, तेच औषध. सोडियम आत येण्याचे दरवाजे बंद ठेवतं.
- मॅग्नेशियम: कॅल्शियमला पेशीत घुसण्यापासून अडवतं.
- बायकार्बोनेट: ऑक्सिजनशिवाय तयार होणारं आम्ल सांभाळतं.
- मॅनिटॉल: सूज कमी ठेवायला मदत करतं.

हे चार भाग द्रावण आणि बाळाचं एक भाग रक्त असं मिसळून, थंड करून हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये सोडतात. नेहमीचा डोस किलोमागे २० मिलिलिटर. सहा किलोच्या बाळाला १२० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक कप चहाएवढं.

मुलांसाठी वेगळं का लागतं?

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाचं मिनी मॉडेल नाही. तीन मोठे फरक आहेत.

१. कॅल्शियम. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम लागतं. मोठ्यांच्या पेशीत त्याचा साठा असतो. तान्ह्या बाळात हा साठा पुरेसा विकसित झालेला नसतो, त्यामुळे पेशी बाहेरच्या कॅल्शियमवर जास्त अवलंबून असते. पण रक्त परत सुरू होताना जास्तीचं कॅल्शियम आत घुसलं, तर पेशी आखडते आणि खराब होते. म्हणून डेल निडोच्या मूळ द्रावणात कॅल्शियम नसतं, मिसळलेल्या रक्तातून येईल तेवढंच.

२. रक्त कमी असतं. तीन किलोच्या नवजात बाळाच्या शरीरात साधारण पाव लिटर रक्त असतं. अशा वेळी परत परत औषध दिलं तर रक्त पातळ होतं. डेल निडोचा एक डोस बहुतेक वेळा ६० ते ९० मिनिटांच्या कामाला पुरतो. इतर अनेक पद्धतींत दर २०-३० मिनिटांनी थांबून पुन्हा डोस द्यावा लागतो.

३. निळी पडणारी मुलं. काही जन्मजात दोषांमध्ये रक्तात ऑक्सिजन कायम कमी असतो. अशा हृदयाला अचानक खूप ऑक्सिजन मिळाला, तर त्यानेही इजा होऊ शकते. म्हणून मशीनवरचा ऑक्सिजन जपून वाढवतात.

परत चालू कसं होतं?

टाके झाले की क्लॅम्प काढतात. कोमट रक्त हृदयात शिरतं, पोटॅशियम धुऊन निघतं आणि बरेचदा हृदय आपणहून धडकायला लागतं. नाहीच लागलं, तर छोटा शॉक किंवा तात्पुरता पेसमेकर वापरतात. लगेच मशीन काढत नाहीत. हृदयाला काही वेळ आराम देऊन हळूहळू काम सोपवतात.

नेहमीचे प्रश्न

प्रत्येक ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात का?
नाही. काही भोकं मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून, छोटं बटण बसवून बंद करता येतात. हृदयाबाहेरची काही ऑपरेशन्स धडकत्या हृदयावरच होतात.

सगळीकडे डेल निडोच वापरतात का?
नाही. सेंट थॉमस, एचटीके अशी इतर सोल्यूशन्सही चालतात. दोष कोणता, वेळ किती लागेल आणि टीमला कशाचा अनुभव आहे, यावर ते ठरतं.

डॉक्टरांना काय विचारायचं?
हृदय किती वेळ बंद असेल? मशीन कोण सांभाळणार? या कामाचं खास शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला परफ्युजनिस्ट म्हणतात. ऑपरेशननंतर आयसीयूमध्ये किती दिवस लागतील?

बाळाला त्रास आहे हे कसं ओळखायचं?
दूध पिताना दम लागणं, कपाळावर घाम येणं, वजन न वाढणं, ओठ निळे दिसणं. यातलं काही दिसलं तर गुगल करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांमध्ये आणि सरकारी शाळांमध्ये मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयदोषही त्यात येतात. अंगणवाडीताईंकडे चौकशी करा.

शेवटी

भाचीला घरी सोडताना मिळालेल्या कागदावर एक ओळ होती, "क्रॉस क्लॅम्प टाइम: ५२ मिनिटं." ताईने विचारलं, हे काय? या वेळी मला उत्तर येत होतं. तिच्या हृदयाला रक्त मिळत नव्हतं तो हा वेळ. त्यातलं प्रत्येक मिनिट ओटीमध्ये कुणीतरी मोजत होतं.

ताईने तो कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये जपून ठेवलाय. भाची आता दीड वर्षाची आहे आणि माझा फोन दिसला की आधी त्याचा चार्जर ओढून काढते.

तुमच्या ओळखीत कुणाच्या बाळाचं असं ऑपरेशन असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.