अवर्षणाच्या मुलखातील गुडघे

पुण्याहून नगरकडे जाताना शिरूरपाशी घोड नदी ओलांडली, म्हणजे जिल्हा बदलतो. आणि पुढे वाडेगव्हाणच्या फाट्यावर उतरून राळेगणसिद्धीच्या वाटेला लागले, म्हणजे पाऊस ज्याच्या वाट्याला नेहमी हात आखडता घेऊन येतो अशा पारनेर तालुक्याच्या मुरमाड मुलखात आपण शिरलो, याची साक्ष पायांखालची जमीनच देऊ लागते. या फाट्यावर सायंकाळच्या एस. टी.ची वाट पाहत बसलेल्या वृद्ध स्त्रियांपैकी एखादीच्या मांडीवर मोठे खाकी पाकीट हटकून दिसते. त्या पाकिटात तिच्या गुडघ्याचे छायाचित्र असते. शेजारणीने विचारले तर ती ते बाहेर काढून आभाळाकडे धरते आणि दोन हाडांमधल्या, जिथे पूर्वी फट होती व आता काळी रेघही उरली नाही अशा जागेवर बोट ठेवून सांगते, "वंगण संपलंय म्हनं."

हे वंगण कोठे संपले, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकापेक्षा या तालुक्याच्या इतिहासात अधिक सापडेल, असे मला वाटते.

दुष्काळ हा या प्रदेशाचा जुना वतनदार होय. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम त्याच भुकेल्या हातांनी झाले आणि १८७८ साली त्यावरून गाडी धावू लागली. सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतले धान्य दिवसाला एका पौंडावर आणले, त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, हे इतिहासाच्या पुस्तकांत येते. परंतु ती माती वाहणाऱ्यांच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, कारण मजुराच्या हजेरीपत्रकात नाव, काम आणि दाम एवढेच रकाने असतात. पुढे शंभर वर्षांच्या आतच १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो अंगावर काढला, त्यांना त्याची सर्वांत ठळक आठवण कोणती असे विचारले तर ती बहुधा दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची आणि तेथे फोडलेल्या खडीची निघते. उकिडवे बसून, पदर डोक्यावरून पुढे ओढून, दगडावर हातोडा घालीत दिवसच्या दिवस काढलेली ती पिढी. त्या बैठकीत गुडघा जितका वाकतो तितका दुसऱ्या कोणत्याही कामात क्वचितच वाकत असेल, आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन त्या अवस्थेतून उठताना सांध्यावर येणारा भार तर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

१९७५ साली सैन्यातील चाकरी संपवून किसन बाबुराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे, राळेगणसिद्धीस परतले तेव्हा हे गाव दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखले जात होते. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, मग पाझर तलावाची दुरुस्ती, नाल्यांवरचे बांध, माळावरचे चर अशा क्रमाने गावाने पाणी अडविले; त्या पाण्याची कथा देशभर सांगितली गेली. तिचा एक पैलू मात्र सांगावयाचा राहिला आहे. श्रमदान हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे हात येतात, टिकाव-फावडे येते. मुरूम खणणारा मनुष्य हातांनी खणतो हे खरे. पण तो उभा असतो गुडघ्यांवर. जी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत त्यांच्या विहिरींना पाणी आहे, आणि विहिरीच्या पायऱ्या उतरण्याचे बळ त्यांच्यापैकी अनेकांत नाही.

या दुखण्यावर गावाचे स्वतःचे वैद्यक होते, आणि ते पुष्कळच विस्तृत होते. निरगुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाच्या पानाला तेल लावून बांधणे, बिब्ब्याचा चटका, त्यानेही न भागल्यास तापल्या लोखंडाचा डाग. वाळल्या भोपळ्याची किंवा शिंगाची तुंबडी लावून "नासकं रगत" ओढणारा भटका वैदू. लचकलेला सांधा तेलाच्या हाताने जागी बसविणारा तालमीतला वस्ताद. आणि मोडलेले हाड बांबूच्या कामट्यांत बांधणारा हाडवैद. (पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची रीतही होती, पण गुडघ्याच्या दुखण्यावर या उपायाचा प्रयोग कोणी केल्याचे ऐकिवात नाही, ही रोग्यांवर देवाची कृपाच समजली पाहिजे.) हाडवैदाची निंदा करणे आज सोपे झाले आहे. पट्टी आवळून बांधल्यामुळे रक्तपुरवठा तुटून काळा पडलेला पाय ज्याने पाहिला आहे, त्याला ती निंदा अनाठायी वाटणार नाही. तथापि ज्या काळी तालुक्याच्या गावीही क्ष-किरणाचे यंत्र नव्हते, त्या काळी निखळलेला सांधा नुसत्या बोटांनी ओळखून जागेवर आणणारा मनुष्य हा त्या गावचा एकमेव शल्यवैद्य होता. आणि हाताला सांध्याची ओळख असणे ही सामान्य विद्या नव्हे.

ज्या प्राचीन विद्येचा हा झिजत झिजत आलेला अवशेष, ती सुश्रुतसंहितेत मोठ्या बारकाव्याने आली आहे. शरीरातील १०७ मर्मांत सुश्रुताने गुडघ्यावरच्या जानुमर्माची गणना केली असून तेथे आघात झाल्यास खंजता, म्हणजे लंगडेपण, येते असे म्हटले आहे. वात आणि रक्त यांच्या दुष्टीने गुडघा सुजून कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसू लागतो, त्या व्याधीला त्याने दिलेले क्रोष्टुकशीर्ष हे नाव तर इतके चित्रमय आहे, की सुजलेली वाटी आणि तिच्या वर-खाली वाळून गेलेली मांडी व पोटरी एकदा पाहिल्यावर दुसरे नाव सुचत नाही. भग्न सांध्यासाठी ओढणे, दाबणे, जुळविणे आणि बांधणे अशा चार क्रिया त्याने सांगितल्या. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या सालींच्या पट्ट्या आधारासाठी योजल्या. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडावी असा दंडक घातला. सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि आवळली तर सूज, वेदना व पाक होतो, ही त्याची सूचना हाडवैदांच्या परंपरेतून नेमकी गळून पडली, याला काय म्हणावे! बरे होण्याचा काळही त्याने वयावर बेतला आहे: पूर्ववयात एक महिना, मध्यमवयात दोन, उतारवयात तीन. आजचा शस्त्रवैद्य संगणकावर पाहून जे सांगतो, तेही यापासून फार दूर नसते.

मात्र सुश्रुतानेही गुडघा उघडला नाही. उघडणे शक्यच नव्हते. सांध्याची पिशवी ही बाहेरच्या जगापासून इतकी जपलेली जागा आहे, की तीत एकदा पू शिरला म्हणजे पाय कापावा लागे किंवा मनुष्य जाई. आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे, ती एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही हे विल्यम हंटर या शारीरविदाने १७४३ मध्येच नोंदवून ठेविले होते. निरोगी माणसाचा सांधा जाणूनबुजून उघडण्याचे धाडस जोसेफ लिस्टरने लंडनमध्ये १८७७ साली केले. फुटलेली वाटी त्याने चांदीच्या तारेने शिवली, आणि जंतुनाशक पद्धतीमुळे जखम चिघळली नाही. योगायोग असा, की हे घडत होते तेव्हा इकडे नगर जिल्ह्यात दुष्काळाच्या कामावरची माणसे गुडघे टेकून माती उकरीत होती. सहा वर्षांनी एडिंबरोत टॉमस अॅनंडेल याने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील फाटलेली गादी टाके घालून जागी बसविली. शस्त्रवैद्याच्या मेजावर आलेला तो गुडघाही बसून, वाकून, रांगून काम करणाऱ्याचाच होता. आणखी एक गोष्ट आपल्या हाडवैदांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ज्याच्या नावाची लोखंडी चौकट आजही आपल्या रुग्णालयांतून मोडक्या मांडीला आधार देते, तो लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस हा पिढीजाद हाडे बसविणाऱ्यांच्या घराण्यातला होता, त्याच्या बापाने मुलगा शिकावा म्हणून त्याला वैद्यकाच्या शाळेत घातले, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्रात ही नवी विद्या प्रथम मुंबईत आणि मिशनच्या दवाखान्यांतून आली. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेस काढलेल्या रुग्णालयाची कीर्ती अशी झाली, की आगगाडीने दूरदूरचे रोगी तेथे जात. पुण्यास १९४४ मध्ये महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र उघडले. पण राळेगणच्या परिसराचा खरा संबंध जडला तो पुण्याच्या शिवाजीनगरशी; तेथे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी १९६५ मध्ये अस्थिरोगांचे रुग्णालय सुरू केले. पुढे त्यांनी भारतीय माणसाच्या देहयष्टीचा आणि मांडी घालून बसण्याच्या सवयीचा विचार करून 'इंडस' नावाचा कमी खर्चाचा कृत्रिम गुडघा रचला. २०११ च्या डिसेंबरअखेर मुंबईतील उपोषणानंतर अण्णा हजारे याच रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा राळेगणचे नाव त्याच्याशी वर्तमानपत्रांतून जोडले गेले. अर्थात त्यांचे दुखणे छातीचे होते, हाडांचे नव्हे.

गुडघ्याच्या आत दुर्बीण घालण्याची कला जपानची. केंजी ताकागी याने १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, आणि त्याचा शिष्य मासाकी वातानाबे याने १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. आता कबड्डीत पाय मुरगळलेला, नाहीतर मोटारसायकलवरून घसरलेला विशीतला मुलगा त्याच वाटेने जातो: मांडीमागची स्नायुरज्जू काढून ती गुडघ्याच्या आत नव्या बंधासारखी ओवतात. या मुलाची खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर असते. दोन महिन्यांत त्याला काहीच दुखत नाही, आणि नेमक्या त्याच सुमारास आत रोवलेला बंध सर्वांत दुबळा असतो, कारण त्याला नवा रक्तपुरवठा मिळून तो रुजण्यास बरेच महिने लागतात. नऊ महिने मैदानापासून दूर राहा, असे ज्याला सांगितले आहे त्याच्या दारावरून आखाड्याचा ढोल वाजत जातो, तेव्हा सुश्रुतही हतबल होईल.

म्हाताऱ्यांची गोष्ट निराळी. झिजलेला सांधाच बदलण्याची कल्पना टेमिस्टोक्लेस ग्लुक या जर्मन शस्त्रवैद्याने १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये प्रत्यक्षात आणली. त्याने हस्तिदंताची बिजागरी बसविली, आणि जंतुसंसर्गाने ती फसली. तिला आजचे रूप आले ते १९७० नंतरच्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि मध्य प्रदेशातून तेथे गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांच्या हातून. याच राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला. ती बातमी चावडीवर वाचली गेली. श्रीमंतांचे चोचले म्हणून ज्याची हेटाळणी होई, तो उपाय "प्रधानमंत्र्यांनी केला" या एका वाक्याने घराघरांतील चर्चेचा विषय झाला. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत दीड लाखाच्या घरातून ५४,७२० रुपयांवर आणल्यावर ती चर्चा हिशेबापर्यंत येऊन ठेपली.

"वाटी बदलली" असे गावात म्हणतात. वस्तुतः वाटी बहुधा जिथल्या तिथेच राहते; मांडीच्या हाडाच्या टोकाचे व नडगीच्या माथ्याचे काही मिलिमीटर कापून एकावर धातूची टोपी, दुसऱ्यावर धातूची बैठक आणि मध्ये घट्ट प्लास्टिकची चकती बसवितात. चाळीस वर्षे खडीवर बसलेल्या बाईच्या पायाला पडलेला बाक तेवढ्याने सरळ होतो, आणि ती मेजावरून उठते तेव्हा तिचे पाय एकमेकांना समांतर असतात. कित्येकींना त्या सरळ पायांवर तोल सांभाळणेच काही दिवस जमत नाही.

शस्त्रक्रियेला तास-दीड तास लागतो. बरे होण्याचे काम त्यानंतर गावात सुरू होते, आणि ते करतो तो शस्त्रवैद्य नव्हे. वॉकर घेऊन घराचा उंबरा ओलांडायचा तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हा नियम नातवंडे आजीला पाढ्यासारखा म्हणून दाखवितात. सकाळ-संध्याकाळ टाच घसरवीत गुडघा काटकोनापर्यंत आणावयाचा, त्या वेळी तिच्या तोंडून निघणाऱ्या शिव्या नवऱ्याच्या सात पिढ्यांना पुरतात. बैठ्या संडासावर मध्ये भोक असलेली खुर्ची येते. चूल ओट्यावर चढते. जाते तर कधीचेच गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे असते. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत नाइलाजाने, मांडी सुटते. ज्या समाजात जेवण, पूजा, लग्न, भजन आणि पंचायत ही सारी मांडी घालून होतात, तेथे "खाली बसू नका" हे तीन शब्द मनुष्याला निम्म्या संस्कारांतून उठवून लावतात.

म्हणून अलीकडे या भागातल्या हरिनाम सप्ताहाच्या मांडवात भिंतीकडेने प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग दिसू लागली आहे. कीर्तनापुरते ठीक चालते. अडचण होते ती पंगतीला. कारण आमटीची बादली घेऊन वाढपी कमरेत वाकून, पत्रावळींवर नजर ठेवून झपाझप पुढे सरकत असतो, आणि खुर्चीवाल्यांची ताटे त्याच्या नजरेच्या वर राहतात. दुसऱ्यांदा आमटी फिरली आणि पुन्हा पुढून निघून गेली, तेव्हा अशाच एका रांगेतून, दोन्ही गुडघे नवे असलेल्या एका आजीचा खणखणीत आवाज मी ऐकला आहे: "आरं ए पोरा, जरा वर बी बघ की! आमी बी ह्याच गावचं हाये!"